एकत्र आणि विभक्त कुटुंबांत फरक आला नाही, म्हणजे संशोधन फसलं का?

लातूरला मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "लघुप्रबंधाचा विषय 'कौटुंबिक नातेसंबंध आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं भावनिक स्वास्थ्य'. दोन महाविद्यालयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म पाठवून १०० जणांकडून भरून घेतला, ५० एकत्र कुटुंबातले आणि ५० विभक्त. नातेसंबंधांची २४ विधानांची इंग्रजी प्रश्नावली मीच मराठीत केली, स्वास्थ्यासाठी डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली घेतली. दोन गटांच्या सरासरी ताडणाऱ्या टी-टेस्टमध्ये काहीच फरक आला नाही. तोंडी परीक्षा सहा आठवड्यांवर आहे. संशोधन फसलं का? आणि फॉर्मच्या शेवटी 'आणखी काही सांगायचंय का' या रकान्यात एकाने लिहिलंय, 'घरात नऊ माणसं आहेत, पण कुणाशीच बोलता येत नाही. जगावंसं वाटत नाही.' याचं विश्लेषणात काय करायचं?"

तुझ्या वयाच्या मुलामुलींना बावीस वर्षं शिकवलंय आणि जवळजवळ तितकीच वर्षं समुपदेशनाच्या खोलीत बसून त्यांचं ऐकलंय, म्हणून 'तू' म्हणते. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो आजच्या आज हाताळायचा आहे.

फॉर्मवर नाव नाही, फोन नंबर नाही. लिहिणारं कोण हे तुला कळणार नाही, आणि हुडकायला जाऊही नकोस. वर्गात "हे कुणी लिहिलं?" अशी कुजबुज सुरू झाली की ते लेकरू आणखी मिटून घेईल. पण ज्या ज्या ग्रुपवर फॉर्म टाकलास, त्या प्रत्येक ग्रुपवर तू आज संदेश टाकू शकतेस. साधा, सगळ्यांना उद्देशून. मी असं लिहीन: "फॉर्म भरल्याबद्दल मनापासून आभार. काही जणांनी आतलं, जड असं लिहिलंय. ते मी नीट वाचलं. नाव नसल्यामुळे मला येऊन भेटता येत नाही, म्हणून इथे सांगते. जगणं नकोसं वाटत असेल तर आज कुणाशी तरी बोल. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मला थेट मेसेज केलास तर मी तुझ्याबरोबर समुपदेशकांकडे येईन." शेवटचं वाक्य लिहिलंस तर ते पाळायची तयारी ठेव. तुझ्या मार्गदर्शकांना आणि दोन्ही महाविद्यालयांच्या समुपदेशकांना हे उद्या सकाळी प्रत्यक्ष भेटून सांग, मेसेजवर नको. "पोलिसांत जाईल" या भीतीने बरीच मुलं गप्प बसतात. त्यांना हेही कळू दे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिच्यावर खटला चालवायचा नसतो आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

विश्लेषणाबद्दल म्हणशील तर ते वाक्य प्रबंधात जसंच्या तसं छापू नकोस. 'नऊ माणसं' एवढ्यावरून ओळखणारं कुणीतरी त्या महाविद्यालयात नक्की असेल.

संदेश टाकलास की बाकीचं वाच.

संशोधन फसलेलं नाही. तू जे मोजलंस त्यात फरक आला नाही, आणि तो यायला हवा होता असं मला मुळात वाटतही नाही. 'एकत्र की विभक्त' ही तुलना आपल्याकडच्या लघुप्रबंधांत इतकी मुरली आहे की तिच्यामागचं गृहीतक कुणी तपासत नाही. फॉर्मवर दोन चौकटी, एकीवर खूण करायची, की झालं कुटुंब मोजून. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या त्यांच्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार आणि आपसातलं नातं अशा कितीतरी गोष्टी एकत्र धरल्या होत्या. पुढे आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. राहायला वेगळी असलेली घरंही पैशाच्या, कर्तव्याच्या आणि मायेच्या बाबतीत एकत्र असू शकतात, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे आपल्याच समाजशास्त्राने साठ वर्षांपूर्वी ही चौकट अपुरी ठरवली होती, आणि मानसशास्त्राच्या विभागांत ती अजून चालते. याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण दर वर्षी मुलंमुली मेहनतीने माहिती गोळा करतात आणि ती या एका चौकटीत वाया जाते.

तू लातूरमध्ये आहेस, म्हणून तिथलीच उदाहरणं घे. पोराच्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी आई एका खोलीत भाड्याने राहते, वडील गावी शेती आणि आजी-आजोबा सांभाळतात, पंधरा दिवसांनी धान्य आणि तूप घेऊन येतात. हे कुटुंब एकत्र की विभक्त? जुन्या वाड्यात तीन भाऊ राहतात, पण वाटण्या झाल्यापासून चुली वेगळ्या आणि दोन जावांमध्ये चार वर्षांचा अबोला. या घरातली मुलगी 'एकत्र'वर खूण करेल. शेजारच्या फ्लॅटमधल्या तिघांच्या घरातला मुलगा 'विभक्त'वर करेल, पण त्याची फी काका भरतात आणि रोज रात्री आत्याचा फोन येतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातून आलेल्या मुलाचे आईवडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेले की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तेवढे महिने तो वसतिगृहात किंवा आजीकडे. तो कुठे खूण करेल? कदाचित महिन्यागणिक वेगवेगळी.

अशी सगळी माणसं दोन ढिगांत टाकल्यावर ढिगांच्या सरासरीत फरक येत नाही, हे तुझ्या माहितीने प्रामाणिकपणे सांगितलंय. प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणाचा कणा हाच कर. कुटुंबाच्या रचनेवरून नात्याची प्रत कळत नाही. नात्याची प्रत वेगळी विचारावी लागते, आणि तू ती विचारलीही आहेस. ती २४ विधानं म्हणजे तुझा खरा ऐवज.

त्या विधानांचं तू पाठवलेलं मराठी मी वाचलं. इथे मात्र मला बरंच बोलायचं आहे. मूळ इंग्रजीतला मायेने बोलण्याचा उल्लेख तुझ्याकडे 'उबदार आवाजात बोलतात' असा झाला आहे. उबदार गोधडी असते, आवाज नसतो. मराठी मुलगी म्हणेल 'मायेने बोलतात', 'प्रेमाने विचारपूस करतात'. 'आम्ही एकमेकांचे जवळचे आहोत' या विधानाला कोण नाही म्हणेल? जवळचे नातेवाईक तर आहेतच! तिथे जिव्हाळ्याविषयी विचारायला हवं होतं. 'कुटुंबात माझ्या खासगीपणाचा आदर होतो' हे वाक्य घेऊन मी एकदा मुलींशी बोलत होते. दोन खोल्यांच्या घरातली एक जण म्हणाली, "मॅडम, नळ सोडून बाथरूममध्ये रडता येतं, तेवढा आहे." तिने फॉर्मवर 'सहमत'वर खूण केली होती.

भाषांतराची रीत ठरलेली आहे. एकाने मराठी करायचं, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने ते परत इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहायचं. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि तुझे परीक्षक तिच्याबद्दल नक्की विचारतील. पण माझ्या अनुभवात त्याहून उपयोगी पडतं ते असं: पाच-सहा विद्यार्थ्यांना समोर बसवायचं आणि प्रत्येक विधान वाचून "यावरून तुला काय आठवलं?" असं विचारायचं. अडखळणारी विधानं तासाभरात कळतात. हे माहिती गोळा करण्याआधी व्हायला हवं होतं. आता करून पाहा आणि जी विधानं चुकीची समजली गेली असतील त्यांची नोंद मर्यादांच्या भागात स्पष्ट कर. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते पाहायला, क्रॉनबाखचा अल्फा काढ. ०.७० च्या बराच खाली आला तर कुठल्या विधानामुळे तो पडतोय ते पाहा. बहुतेक वेळा उलट्या अर्थाची, 'नाही'वाली विधानं गोंधळ घालतात, आणि कधी कधी त्यांचे गुण उलटे करायचंच राहून गेलेलं असतं.

पुढच्या वेळी, किंवा आताच्या मुलाखतींत, मराठी घराचं स्वतःचं शब्दभांडार वापर. अबोला घे. किती दिवस टिकतो, कोण आधी बोलतं, तिसऱ्याच्या तोंडून निरोप जातात का ("बाबांना सांग जेवण वाढलंय"), घरातलं लहान पोर निरोप्या होतं का? घरातल्या ताणाचं इतकं नेमकं माप परक्या प्रश्नावलीत मिळणार नाही. रुसवा वेगळा. त्यात समजूत काढली जाईल ही खात्री असते. टोमणे वेगळे. भावनिक स्वास्थ्याच्या बाजूलाही हेच. 'चिंता', 'नैराश्य' हे शब्द आपल्या पुस्तकातले. मुलं माझ्यासमोर बसून म्हणतात "करमत नाही", "जीव लागत नाही", "घालमेल होते", "डोकं जड पडतं". या शब्दांनी विचारलं की उत्तरं वेगळी येतात.

आणि धाक. पालकत्वाच्या शैलींवरचं सगळं लेखन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांच्या १९६० च्या दशकातल्या कामापासून सुरू होतं. त्यातली हुकूमशाही शैली म्हणजे कडक नियंत्रण आणि माया कमी. आपल्याकडचे विद्यार्थी वडिलांचा धाक सांगतात, आणि संशोधक त्याचं लगेच या शैलीत वर्गीकरण करतो. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी कुटुंबांबद्दल हाच आक्षेप घेतला: कडकपणामागे मुलाला घडवण्याची काळजी असू शकते आणि मुलाला ती तशी कळतही असते. मराठी मुलं धाक आणि दहशत यांत बरोबर फरक करतात. "बाबांचा धाक आहे" म्हणणारा मुलगा पुढच्या वाक्यात बाबांनी बूट घेऊन दिल्याचं सांगतो. दहशत असलेल्या घरातला मुलगा गाडीच्या आवाजावरून आज रात्र कशी जाणार ते ओळखतो. म्हणून माया आणि नियंत्रण यांना दोन स्वतंत्र अक्षांवर मोजणारी साधनं मला बरी वाटतात. पार्कर आणि सहकाऱ्यांची १९७९ ची २५ विधानांची पालक-बंध प्रश्नावली त्यांपैकी एक. मात्र ती पहिल्या सोळा वर्षांच्या आठवणींवर चालते, आणि आज उदास असलेल्या माणसाच्या आठवणीही उदास रंगात येतात, हे लक्षात ठेव.

यावरून कारण आणि परिणामाचा मुद्दा येतो. तुझ्याकडे नातं आणि स्वास्थ्य या दोन्हींची माहिती एकाच व्यक्तीकडून, एकाच बैठकीत, एकाच फॉर्मवर आली आहे. त्यात संबंध दिसला तरी 'घरातल्या संवादामुळे स्वास्थ्य सुधारतं' असं लिहिता येणार नाही. खचलेल्या मुलाला घरच्यांचं साधं बोलणंही टोचतं. शिवाय पालक मुलाला घडवतात तसं मूलही पालकांना बदलवतं, हे रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं. चिडचिड्या, रात्रभर जागणाऱ्या मुलाची आई हळूहळू पाळत ठेवणारी होते. तू एवढंच लिही: 'ज्यांनी घरातलं नातं जिव्हाळ्याचं असल्याचं सांगितलं, त्यांनी स्वतःचं स्वास्थ्यही चांगलं असल्याचं सांगितलं.' असं जपून लिहिलेलं वाक्य तोंडी परीक्षेत तुला वाचवेल.

आता आकडे. डब्ल्यूएचओ-५ तपास, अगदी आत्ता. तिच्या प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ असे सहा पर्याय असतात, एकूण २५, त्याला ४ ने गुणून १०० पैकी गुण. गूगल फॉर्मची पट्टी आपण बदलली नाही तर १ ते ५ अशी येते, म्हणजे पाचच पर्याय. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचं इथे चुकलंय. तुझंही तसं झालं असेल तर ते गुण मूळ मापाशी ताडता येणार नाहीत. तुझ्या गटातल्या गटात सहसंबंध, म्हणजे एक गुण वाढला की दुसराही वाढतो का, हे पाहता येईल, पण ५० ची सीमारेषा वापरता येणार नाही, आणि हे प्रबंधात स्पष्ट लिहावं लागेल. पट्टी बरोबर असली तरी ५० किंवा कमी गुण म्हणजे 'पुढे विचारपूस करायला हवी' एवढाच संकेत. 'इतके टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' असं लिहू नकोस.

नमुन्याचं गणित असं. दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक पकडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात, लहान फरकासाठी चारशेच्या जवळपास. तुझ्याकडे ५०-५० आहेत. म्हणून 'फरक नाही' असं न म्हणता 'या नमुन्यात फरक आढळला नाही' असं म्हण. सहसंबंधाची गोष्ट वेगळी. ०.३ चा सहसंबंध पकडायला ८५ जण पुरतात, आणि तुझ्याकडे १०० आहेत. नात्याचे गुण आणि स्वास्थ्याचे गुण यांचा सहसंबंध काढ. ०.३ आला तर उड्या मारू नकोस, स्वास्थ्यातल्या फरकांपैकी ९ टक्केच त्यातून उलगडतात. अल्फा आणि सहसंबंध आधी ठरवले नव्हते, म्हणून तो भाग 'नंतर केलेलं शोधक विश्लेषण' या नावाने वेगळा ठेव. जुनी परिकल्पना खोडून नवी आधीपासूनच होती असं दाखवायचा मोह होईल, कदाचित कुणी तसा सल्लाही देईल. तो ऐकू नकोस. चोवीस विधानं चोवीस वेळा तपासून जिथे ०.०५ (सांख्यिकीत 'लक्षणीय' धरली जाणारी सीमा) मिळालं तेवढंच छापणं हाही तोच प्रकार.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातलं एक वाक्यही बदल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे (२०१५-१६) आकडे तू महाराष्ट्राचे म्हणून दिले आहेस. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

एक गोष्ट मला अस्वस्थ करते आहे. फॉर्म ग्रुपवर फिरला, म्हणजे त्याच आवारातल्या अकरावी-बारावीच्या मुलांपर्यंतही गेला असेल. वयाचा रकाना बघ. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची संमती दोन्ही लागतात. त्या नसतील तर ते फॉर्म विश्लेषणातून काढ आणि किती काढले ते लिही. अल्पवयीन मुलाने घरात लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळवलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे 'तुमची माहिती पूर्णपणे गुप्त राहील' हे सरसकट वचन देता येत नाही. मर्यादा आधी सांगाव्या लागतात. आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारणारी पीएचक्यू-९ (नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) सारखी साधनं निनावी ऑनलाइन फॉर्मवर घेऊ नयेत या मताची मी आहे. नववा प्रश्न विचारायचा आणि उत्तर आल्यावर हात बांधलेले, असं आपल्याकडून होऊ नये. ती वापरायची तर कागदावर, समुपदेशक आवारात असताना, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक कागदावरचा नववा प्रश्न पाहून व्हायला हवा.

उरलेल्या सहा आठवड्यांत, मार्गदर्शकांची आणि नैतिकता समितीची परवानगी मिळाली तर, सहा मुलाखती घे. दोघं भाड्याची खोली करून राहणारे, दोघं वसतिगृहातले, दोघं घरून ये-जा करणारे. मुलाखत त्यांच्या घरी नको. स्वयंपाकघरात आईचे कान इकडेच असतात, आणि 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे प्रत्येक मराठी घराने मुलांना नकळत शिकवलेलं असतं. ग्रंथालयाचा कोपराही नको, तिथे वर्गमित्र येतात. समुपदेशकांची खोली मागून घे. 'तुझं घरच्यांशी नातं कसं आहे?' असं विचारलंस तर "चांगलं आहे" एवढंच मिळेल. त्याऐवजी विचार, "काल संध्याकाळी घरी गेल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं?" कोणी वाढलं, कोण कुणाशी बोललं, टीव्ही कोणाच्या हातात होता, कोण न जेवता झोपलं, हे सगळं त्यातून आपोआप येतं. मग, "शेवटचं रडू आलं तेव्हा घरात कुणाला कळलं होतं?" आणि, "परीक्षेत कमी गुण पडले तर पहिला फोन कुणाला करशील?"

मुलाखतींना बसण्याआधी एक संध्याकाळ स्वतःच्या घराबद्दल हीच उत्तरं लिहून काढ. हा विषय निवडणाऱ्या माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात स्वतःचं घर होतं, आणि त्यात गैर काही नाही. ते कागदावर आलेलं असलं की समोरच्याच्या अबोल्यात आपल्या घरचा अबोला ऐकू येतो तेव्हा निदान ओळखता तरी येतं. तो कागद प्रबंधात जोडायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही.

दिवसाला दोनच मुलाखती ठेव. रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच उठू नकोस, कारण खरं बोलणं पुष्कळदा तेव्हाच सुरू होतं. ते ऐक, पण विश्लेषणात घ्यायचं तर पुन्हा विचारून घे. चहा प्या, इकडचं तिकडचं बोला, मुलाचा चेहरा सैल झाला की मग निघा. गावाकडची शेवटची बस किती वाजता आहे ते मात्र आधीच विचारून ठेव.